पाठीवर चार गोळे

इंटरनेटवर एका किड्याचा फोटो वर्षानुवर्षं फिरतो आहे. किड्याच्या पाठीतून एक दांडी सरळ वर निघालेली, तिला आडव्या फांद्या फुटलेल्या, फांद्यांवर मिळून चार केसाळ गोळे आणि मागच्या बाजूला पंखांवरून गेलेला एक लांब काटा. खाली कोणीतरी हमखास लिहितं, ‘फोटोशॉप आहे, फसू नका.’ किडा खरा आहे. पण फोटो पुष्कळदा किड्याचा नसतो, बर्लिनमधल्या एका पुतळ्याचा असतो, आणि हे सांगायला कोणी थांबत नाही.

किड्याचं नाव बोसिडियम ग्लोब्युलारे. बोसिडियम ही दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण जंगलांत राहणारी प्रजाती. तिच्यात डझन-दीड डझन जाती येतात. अंगानं जेमतेम अर्धा सेंटिमीटर. खानदान म्हणाल तर मावा, तुडतुडे आणि सिकाडा यांचंच: झाडात सोंड खुपसायची आणि रस प्यायचा. या भाऊबंदांतली जी शाखा पाठीवर चित्रविचित्र सोंगं घेऊन फिरते, ती म्हणजे मेम्ब्रॅसिडी कुळ. सगळेच त्यांना ट्रीहॉपर म्हणतात. या कुळात ३,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिका खंडातल्या आहेत.

सोंग कशाचं बनतं ते आधी पाहू. कीटकाच्या छातीचे तीन खंड असतात. मधल्या आणि शेवटच्या खंडावर पंख, पहिल्या खंडावर पंख नाहीत, नुसती एक ढाल. तिला प्रोनोटम म्हणतात. झुरळाचं डोकं ज्या चपट्या ढालीखाली लपलेलं असतं, तीच ही. ट्रीहॉपरमध्ये ही ढाल वाढत वाढत सगळ्या अंगावर पसरते. कुणाच्या पाठीवर गुलाबाचा काटा येतो, कुणाच्या पाठीवर वाळकं पान. सायफोनिया क्लाव्हाटा नावाच्या जातीच्या पाठीवर तर अख्खी काळी मुंगी बसलेली दिसते, पोट, कंबर, टोकदार पाय सगळं जागच्या जागी, आणि तोंड किड्याच्या शेपटीकडे. शास्त्रज्ञ या सगळ्याला हेल्मेट म्हणतात. डोक्याशी त्याचा काही संबंध नाही, पण नाव रूढ झालं ते झालं.

युरोपाला हे किडे अगदीच अनोळखी नव्हते. दोन आडवी शिंगं असलेली एक जात तिथल्या झुडपांवर मिळते. लिनियसनं १७५८ मध्ये तिला सिकाडांच्या रांगेत बसवलं आणि शिंगं पाहून ‘कॉर्नुटा’ म्हटलं. चारच वर्षांनी, १७६२ मध्ये, पॅरिसच्या झोफ्रॉनं आपल्या कीटकग्रंथात तिला छोटा सैतान ठरवलं आणि तिच्या एका कमी शिंगाळ नातेवाइकाला अर्धा सैतान. झोफ्रॉ पेशानं डॉक्टर. त्याला विनोदबुद्धी होती हे उघड आहे.

बोसिडियमची कागदोपत्री कहाणी सुरू होते १८०३ मध्ये. योहान क्रिश्चन फाब्रिसियस हा लिनियसचा शिष्य, कील विद्यापीठात प्राध्यापक. गुरूनं कीटक पंखांवरून लावले, यानं तोंडावरून लावले: चावणारे वेगळे, चोखणारे वेगळे. त्या काळी हे धाडसाचंच होतं. सोंडवाल्यांसाठी त्यानं ‘सिस्टेमा ऱ्हिंगोटोरम’ हा स्वतंत्र ग्रंथ काढला, आणि त्यात दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या किड्याची नोंद केली. नाव दिलं सेंट्रोटस ग्लोब्युलारिस, म्हणजे गोळेवाला. नोंद लॅटिनमध्ये, मोजक्या शब्दांत. समोर होता तो वाळलेला, टाचणीला लावलेला नमुना. तो कोणत्या झाडावर बसत होता, एकटा होता की घोळक्यात, गोळ्यांचं काय करत होता, यातलं काहीही टाचणी सांगत नाही.

गोळेवाल्याला स्वतंत्र घर मिळालं १८२९ मध्ये. क्युव्हिएच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघत होती, त्यातला कीटकांचा भाग पिएर आंद्रे लात्रेयकडे होता. बोसिडियम ही प्रजाती त्यानं तिथं उभी केली. लात्रेयबद्दल थोडं विषयांतर करायला हरकत नाही, कारण कीटकशास्त्रात इतकी सुरस गोष्ट दुसरी नाही. हा मूळचा पाद्री. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत, नव्या राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतली नाही म्हणून बोर्दोच्या तुरुंगात पडला. एकदा कोठडीतल्या एका आजारी वृद्ध बिशपला तपासायला डॉक्टर आला, तर हा जमिनीवरचा एक बारीकसा भुंगेरा न्याहाळत बसलेला. भुंगेरा दुर्मीळ असल्याचं त्यानं सांगितलं. डॉक्टरनं तो आपल्या ओळखीच्या एका निसर्गवेड्या पोराकडे पोचवला. त्या पोराला लात्रेयचं नाव ठाऊक होतं, खटपट झाली आणि लात्रेय सुटला. मागे राहिलेले सोबती पुढे मारले गेले. त्या भुंगेऱ्याचं नाव, नेक्रोबिया रुफिकोलिस, लात्रेयच्या थडग्यावर कोरलेलं आहे, ‘तारणहार’ या विशेषणासह. तर अशा माणसानं बोसिडियमचं बारसं केलं.

पाठोपाठ रने प्रिमव्हेर लेसॉन आला. हा फ्रेंच आरमारातला वैद्य, ‘कोकी’ जहाजावरून १८२२ ते १८२५ जगप्रदक्षिणा करून परतलेला. त्यानं १८३२ मध्ये आणखी एका जातीचं वर्णन केलं आणि तिला घंटा वाहणारा अशा अर्थाचं लांबलचक लॅटिन नाव दिलं, टिंटिनाब्युलिफेरम. बोसिडियमची प्रसिद्धी सुरू होते ती साधारण इथून. जगभरातून पेट्या भरभरून नमुने येत होते, रंगीत चित्रांचे ग्रंथ छापायची चढाओढ होती, आणि पाठीवर घंटांचं झाड घेतलेला किडा चित्रकाराला आयताच सापडला होता.

पुढची सत्तर वर्षं मोजदादीची. जाती वाढत गेल्या, नावं बदलत गेली. डार्विननंतर मात्र ‘हे काय आहे’ या प्रश्नाशेजारी ‘हे कशासाठी आहे’ हा प्रश्न येऊन बसला. १९०३ मध्ये जॉर्ज बोडलर बकटन या इंग्रज अभ्यासकाचा मेम्ब्रॅसिडी कुळावरचा सचित्र ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा त्याचं वय ८५ च्या घरात होतं. त्याच्याच सोबत ऑक्सफर्डच्या एडवर्ड पुल्टनचा एक निबंध छापला आहे: या कुळातल्या आकारांचा आणि रंगांचा जीवनकलहात काय अर्थ असावा, यावरच्या सूचना. पुल्टन हा नकलेच्या आणि छद्मरंगांच्या अभ्यासातला त्या काळचा सर्वांत मोठा माणूस. त्याच्याजवळ एक हुकमी उदाहरणही होतं. ब्रिटिश गयानात डब्ल्यू. एल. स्क्लेटरला पान कातरणाऱ्या मुंग्यांच्या रांगेजवळ एक किडा मिळाला होता. पाय आणि खालचं अंग मुंगीसारखं तपकिरी, पाठ मात्र पानाच्या तुकड्यासारखी चपटी, उभी, हिरवी. पकडणाऱ्याला तो पान घेऊन चाललेली मुंगीच वाटला होता. पुल्टननं १८९१ मध्ये हे प्रसिद्ध केलं.

काटा, पान, मुंगी इथवर पुल्टनची कल्पना ठाकठीक चालते. बोसिडियमपाशी ती अडखळते. चार केसाळ गोळे आणि एक काटा, ही नक्कल कशाची? बुरशी लागून मेलेल्या किड्याची, असं एक उत्तर आजही दिलं जातं. बुरशीची बोंडं अंगातून वर येतात हे खरं. घास मोठा आणि अडचणीचा वाटावा म्हणून, हे दुसरं. मोराच्या पिसाऱ्याचं, म्हणजे मादीला भुलवण्याचं, स्पष्टीकरण इथं लावता येत नाही, कारण नर आणि मादी दोघंही तेच ओझं वाहतात. उत्क्रांतीला एकदा वेग आला की ती गरजेपलीकडे धावत सुटते, असं मानणाऱ्या एका पंथाला ट्रीहॉपर म्हणजे आयता पुरावा वाटायचा. तो पंथ मागे पडला. खुर्चीत बसून किड्याचा अर्थ लावायची खोड मात्र बराच काळ गेली नाही.

आता बर्लिनचा पुतळा. आल्फ्रेड केलर हा कलाकुसरीचं लोहारकाम शिकलेला माणूस. १९३० पासून १९५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो बर्लिनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात कीटकांच्या प्रचंड आकाराच्या प्रतिकृती करत होता. आधी प्लॅस्टिसिनमध्ये घडवायचं, त्यावरून प्लॅस्टरचा साचा, मग कागदाच्या लगद्यात ओतकाम, बारकावे मेणात, पंख आणि केस सेल्युलॉइडचे, नाहीतर दुधातल्या केसीनपासून होणाऱ्या गॅलॅलिथ नावाच्या प्लॅस्टिकचे. शेवटी रंग. एका कीटकाला वर्ष लागायचं. घरमाशीच्या अंगावर त्यानं २,६५३ केस एकेक करून बसवले आहेत. बोसिडियमचा पुतळा हे त्याचं सर्वांत गाजलेलं काम. जगातल्या बहुतेक लोकांनी पाहिलेला बोसिडियम तोच. माझ्या मते इतका नेमका पुतळा दुसऱ्या कुठल्या कीटकाच्या वाट्याला आला नसेल. पण तोही शेवटी संग्रहातल्या नमुन्यावरून घडवलेला.

जिवंत ट्रीहॉपर पाहायला ब्राझीललाच जायला हवं असं नाही. डब्ल्यू. एल. डिस्टंटनं ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या मालिकेत १९०८ मध्ये इथल्या जातींची नीट यादी लावली, आणि त्यातले काही महाराष्ट्रात कुठल्याही बाभळीवर किंवा तुरीवर भेटतात. ऑक्सिरॅकिस टारांडस त्यातला सर्वांत ओळखीचा; त्यालाही फाब्रिसियसनंच नाव दिलं होतं, बोसिडियमच्या पाच वर्षं आधी, १७९८ मध्ये. तुरीवरचा दुसरा म्हणजे ओटिनोटस ओनेराटस. शेतकीच्या पुस्तकांत दोघांना ‘काऊ बग’ म्हणतात, किरकोळ कीड म्हणून दोन ओळी लिहितात आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीकडे वळतात. तुरीच्या कोवळ्या खोडावर मुंगळ्यांची ये-जा दिसली की तिथं डोळा लावावा. तपकिरी, खडबडीत, खांद्यांवर दोन शिंगं आणि मागे पाठीवरून निमुळता होत गेलेला काटा. हात जवळ नेला की उडत नाही. आधी आडवा सरकत खोडाच्या पलीकडच्या बाजूला जातो. आपण पलीकडे वाकलो की तो अलीकडे. फारच छळलं तर टुणकन उडी. पिल्लांची शिंगं-ढाल अजून वाढलेली नसते. ती घोळक्यानं रस पीत असतात आणि त्यांच्या शेपटाकडून येणारा गोड चिकट स्राव मुंगळे टिपत असतात. मोबदल्यात मुंगळे राखण करतात. हे सगळं बघायला भिंगाचीही गरज नाही, थोडा वेळ मात्र हवा.

असा वेळ ज्यांनी काढला त्यांच्यापासून या कहाणीचा दुसरा भाग सुरू होतो. अमेरिकेत विल्यम फंकहाउझर यानं न्यूयॉर्क राज्यातल्या कायुगा सरोवराच्या परिसरातले ट्रीहॉपर जिवंतपणी पाहिले: कोण कुठल्या झाडावर, अंडी कुठं, किती वेळा कात टाकतात. १९१७ मध्ये ते छापलं. हाच माणूस पुढे जगभरच्या जातींचा सूचिकार झाला. १९७० च्या दशकात टी. के. वुडनं अम्बोनिया क्रासिकॉर्निस या काटेवाल्या जातीचे किडे सरड्यांपुढे टाकले. कात टाकून नुकतेच बाहेर आलेले, ढाल अजून मऊ असलेले किडे सरड्यांनी खाल्ले; ढाल कडक झालेले तोंडात घेऊन टाकून दिले. म्हणजे काटा निदान या एका जातीत तरी नुसता दिसायला नाही, टोचायलाही आहे.

त्याच अम्बोनियानं १९९६ मध्ये आणखी चकित केलं. हा किडा शिरीष, जास्वंद अशा झाडांवर राहतो. मादी अंडी घालते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत जागची हलत नाही. रेक्स कोक्रॉफ्टनं फांदीला कंपन टिपणारी यंत्रं लावली. गांधीलमाशी फांदीवर उतरली की पिल्लं एकामागोमाग एक अंग झटकतात. आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण फांदीतून एक लाट धावते आणि ती आईच्या पायांपर्यंत पोचते. आई पिल्लांवरून चालत येते, पंख फडफडवते, मागच्या पायांनी लाथा घालते. शत्रू गेल्यावर ती स्वतः फांदीत वेगळी कंपनं सोडते आणि पिल्लांचे उगाचचे इशारे थांबतात. पुल्टनच्या निबंधात फांदी म्हणजे किड्याला लपायची पार्श्वभूमी होती. कोक्रॉफ्टनंतर तीच फांदी म्हणजे त्यांचा टेलिफोन.

एवढं होऊनही हेल्मेट मुळात आलं कुठून हे राहिलंच होतं. त्यावर २०११ मध्ये बॉम्ब पडला. मार्सेयच्या बेंजामिन प्रुडोम, निकोला गोंपेल आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं की हेल्मेट ही वाढलेली ढाल नाहीच, तो पंखांचा तिसरा जोड आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काही कीटकांच्या जीवाश्मांत पहिल्या खंडावरही छोटे पंखवजा पाळ दिसतात. पुढे एका नियंत्रक जनुकानं त्या खंडावरचे पंख दाबून टाकले आणि सगळ्या कीटकांत ते दाबलेलेच राहिले. मार्सेयच्या गटाचं म्हणणं, ट्रीहॉपरमध्ये ते पुन्हा उगवले, दोन्ही बाजू जोडल्या गेल्या आणि उडण्याची जबाबदारी नसल्यामुळे वाटेल ते आकार घेऊ लागले. पुरावे असे: हेल्मेटच्या बुडाशी सांध्यासारखी रचना आहे, आणि वाढीच्या काळात तिथं पंखांत काम करणारं नबिन जनुक जागं असतं. वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. तिसरा पंख ही कल्पनाच इतकी देखणी होती.

पण वर्षभरातच, २०१२ मध्ये, इश्तवान मिको आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ट्रीहॉपर चिरून, छेद घेऊन, स्नायूंचे माग काढून सविस्तर उत्तर दिलं. तिथं सांधा नाही. ढाल आणि हेल्मेट एकसंध आहेत. ज्याला सांधा म्हटलं ती ढालीची आणि पुढच्या पडद्याची नेहमीची हद्द आहे. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात शरीररचनेचा पुरावा कशाला म्हणावं हाही विषय आहे, आणि शास्त्रीय नियतकालिकाच्या मानानं सूर चढा आहे. मला वाटतं तो चढायलाच हवा होता. एका जनुकाच्या जागेपणावरून अवयवाची वंशावळ लिहायची घाई त्या दशकात सगळीकडेच चालली होती, आणि शरीर चिरून पाहणाऱ्यांना कोणी विचारत नव्हतं.

तरीही जनुकवाले पूर्ण चुकले नव्हते. २०२० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाच्या सेरा फिशर आणि एलिझाबेथ जॉकुश यांनी एका ट्रीहॉपरच्या पिल्लाच्या ढालीत, पंखांत आणि इतर भागांत कोणकोणती जनुकं चालू आहेत याची सरसकट मोजणी केली, आणि ती एका साध्या तुडतुड्याशी ताडून पाहिली. तुडतुड्याची ढाल त्याच्या पंखांसारखी वागत नाही. ट्रीहॉपरची वागते. निष्कर्ष असा की हेल्मेट हा पंख नाही, पण पंख घडवणारा जनुकांचा कार्यक्रम ढालीनं उसना घेतला आहे. दोन्ही पक्षांना थोडं थोडं मिळालं. त्याच वर्षी हारुहिको आदाची आणि सहकाऱ्यांनी घडण्याची कृतीही दाखवली. शेवटची कात टाकण्यापूर्वी पिल्लाच्या कातडीखाली हेल्मेटची त्वचा चोळामोळा करून खिशात कोंबलेल्या रुमालासारखी पडलेली असते. कुठं बारीक सुरकुत्या, कुठं मोठ्या घड्या. कात फाटली की आत द्रव भरतो, घड्या उलगडतात आणि आकार उभा राहतो. म्हणजे आकाराचा सगळा हिशोब आधीच घड्यांच्या नक्षीत लिहिलेला.

बोसिडियमची दांडी आणि गोळे पोकळ आहेत, त्यामुळे केलरचा पुतळा पाहून वाटतं तितकं ते ओझं खऱ्या किड्याला जड नाही. पण गोळ्यांवरचे राठ केस कशासाठी, याला एक नवी दिशा अगदी अलीकडे मिळाली. ब्रिस्टल विद्यापीठाचे सॅम इंग्लंड आणि डॅनिएल रॉबर्ट यांनी २०२५ मध्ये दाखवलं की ट्रीहॉपरना हवेतलं स्थिर विद्युतक्षेत्र जाणवतं. उडणाऱ्या कीटकांच्या अंगावर विद्युतप्रभार साठतो. शिकारी गांधीलमाशी आणि ट्रीहॉपरचा गोड स्राव घ्यायला येणारी डंखरहित मधमाशी यांच्या प्रभारांत फरक निघाला. म्हणजे न पाहता, स्पर्श होण्याआधी, कोण आलं याचा अंदाज घेणं शक्य आहे. आणि टोकदार, लांब, फाटे फुटलेल्या आकारांभोवती विद्युतक्षेत्र एकवटतं, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राइतकं जुनं आहे. हेल्मेट जितकं चमत्कारिक तितकी जाणीव तीक्ष्ण, असं त्यांचं गणित सांगतं. बोसिडियमच्या पाठीवर दांडी, फाटे, काटा आणि केस सगळंच आहे. ते खरंच असं काम करतं का, हे पाहायचं तर टाचणीवरचा नमुना कामाचा नाही. बोसिडियम पानावर बसलेला असतानाच गाठावा लागेल.